मत्स्यखाद्य कंपन्यांना खुले पत्र: फिशमील काढा, पण काय घातलं ते सांगा

मत्स्यखाद्य तयार करणाऱ्या कंपन्यांचे संचालक, त्यांचे पोषणतज्ज्ञ आणि त्यांच्या खाद्याला शाश्वततेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

खाद्याच्या गोणीवर अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. घटकांचं प्रमाण उपलब्धतेनुसार बदलू शकतं, अशा अर्थाची. तिच्या वर ठळक अक्षरांत प्रथिनांची टक्केवारी असते, आणि अलीकडे त्या टक्केवारीशेजारी एक हिरवं पान छापलेलं दिसतं: वनस्पतीजन्य प्रथिनांनी युक्त, पर्यावरणस्नेही. कोणती वनस्पती, किती प्रमाणात, कशाच्या जागी, याचा पत्ता नाही. बारीक अक्षरांतली ती ओळ तुम्हाला वाटेल ते बदलायची मोकळीक देते आणि त्या बदलाचा सगळा धोका माझ्या तळ्यात आणून सोडते. मला हे मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी मासे पाळते. त्यावरच माझं घर चालतं. मत्स्यशेतीच्या चालू खर्चातला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग एकट्या खाद्याचा असतो. बीज चांगलं निवडता येतं, पाणी तपासता येतं, विरळणी वेळेवर करता येते. सगळ्यात मोठा खर्च मात्र ज्या वस्तूवर होतो, तिच्या आत काय आहे हे मला विचारूनही कळत नाही.

आधीच सांगते, खाद्यातलं फिशमील, म्हणजे माशांची भुकटी, कमी व्हावं या बाजूची मी आहे, आणि अगदी मनापासून आहे. एक किलो फिशमीलसाठी साधारण चार ते पाच किलो ताजे मासे शिजवून, पिळून, वाळवून दळावे लागतात. हे मासे टाकाऊ असतात, अशी समजूत अजून पसरवली जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने ती खोडून काढली. माणसाच्या थेट खाण्याऐवजी इतर कामासाठी वळवलेल्या माशांपैकी सुमारे ९० टक्के मासे माणसाने खाण्याच्या लायकीचे असतात, असं त्यात दिसलं. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल, गांबिया आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर सार्डिनेला आणि बोंगा हे गरिबाचे मासे. तिथल्या बायका ते धुरावर वाळवून आतल्या गावांपर्यंत विकतात. फिशमीलचे कारखाने आले तेव्हा त्या बायकांना तोच मासा कारखान्याशी बोली लावून घ्यावा लागला, आणि कारखान्यापुढे त्यांचं काय चालणार? एका समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांचं अन्न दळून दुसऱ्या ठिकाणचे मासे पोसायचे, याला मत्स्यशेतीची प्रगती म्हणताना माझी जीभ अडखळते. २०२२ साली जगभरात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेलं आणि पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त झालं. एवढा मोठा झालेला व्यवसाय मर्यादित साठ्याच्या लहान माशांवर उभा राहूच शकत नाही.

तो साठा भरवशाचाही नाही. जगातल्या फिशमीलचा सर्वांत मोठा आधार म्हणजे पेरूच्या समुद्रातली अँकोव्हेटा ही लहान मासळी. १९७० च्या सुमारास तिची पकड वर्षाला एक कोटी टनांच्या वर होती. बेसुमार मासेमारी आणि १९७२ चा एल निन्यो यांनंतर ती २० लाख टनांच्या आसपास कोसळली. २०२३ मध्येही एल निन्यो आला, जाळ्यात पिल्लंच फार यायला लागली, आणि पेरू सरकारने उत्तर-मध्य भागातला वर्षाचा पहिला हंगाम पूर्ण रद्द केला. समुद्र असा हात आखडतो तेव्हा तुमचा संगणक सर्वांत स्वस्त पडणारं नवं मिश्रण काढून देतो. लीस्ट कॉस्ट फॉर्म्युलेशन म्हणतात त्याला. गोणी तीच, रंग तोच, नाव तेच. आत माल दुसरा.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या ठळक टक्केवारीबद्दल. गोणीवरचा 'क्रूड प्रोटीन'चा आकडा प्रथिनं मोजून येत नाही. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे ती चाचणी विचारत नाही. २००७ साली हे जगाने पाहिलं. गव्हाचं ग्लूटेन म्हणून विकलेल्या मालात नायट्रोजन वाढवण्यासाठी मेलामाईन हे औद्योगिक रसायन मिसळलेलं निघालं, अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावं लागलं, आणि तोच माल माशांच्या खाद्यातही गेल्याचं उघड झालं. अशी भेसळ तुम्ही करता, असा माझा आरोप नाही. माझं म्हणणं इतकंच की जो आकडा प्रथिनं आणि मेलामाईन यांत फरक करत नाही, त्याच्या भरवशावर मी वर्षभराची कमाई लावावी, अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नका.

माशाला फिशमीलच लागतं असं काही नाही. त्याला लागतात दहा आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ती), ठरावीक मेदाम्लं, खनिजं, जीवनसत्त्वं, आणि ती पचतील अशा रूपात. फिशमीलमध्ये ही सगळी जवळपास माशाला हव्या त्या प्रमाणात एकत्र मिळतात. त्याची किंमत आहे ती त्यासाठी. सोयाबीन पेंडीत प्रथिनं ४४ ते ४८ टक्के असतात, पण मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. मक्याच्या ग्लूटेनमध्ये प्रथिनं ६० टक्क्यांच्या घरात, तिथे लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं. सरकी पेंडीत गॉसिपॉल, मोहरीवर्गातल्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट, कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारे घटक, अशी माशाला बाधणारी द्रव्यंही असतात. यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे: गोळ्या बनवणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रातली उष्णता, योग्य मिश्रण, वरून घातलेलं मेथिओनिन आणि लायसिन, फायटेज विकर, सोयाचं शुद्ध केलेलं प्रोटीन कॉन्सन्ट्रेट. उपाय केला की खाद्य उत्तम होतं. नाही केला, तरी गोणीवरची टक्केवारी तीच राहते. माझ्यासारखीने या दोन गोण्यांतला फरक ओळखायचा कसा?

दुसरी तक्रार न सांगता केलेल्या बदलाची, आणि ती माझ्या स्वतःच्या तळ्यातली आहे. नेहमीचंच खाद्य, नेहमीचीच गोणी. नवा माल आल्यावर मासे पहिल्यासारखे खाद्यावर तुटून पडेनात. गोळ्या तरंगत राहायच्या, मग फुगून कडेला लागायच्या. वाढ मंदावली, विष्ठा पातळ दिसू लागली, पाणी लवकर हिरवं व्हायला लागलं. प्रतिनिधीला विचारलं तर तो म्हणाला, ताई, तुमचं पाणी बघा. पाणी तपासलं, ऑक्सिजन तपासला, दोन्ही ठीक होतं. मिश्रण बदललं आहे का, हा माझा प्रश्न होता आणि उत्तर मिळालं की ते व्यापारी गुपित आहे. पुढे केव्हातरी वितरकाच्या तोंडून सहज निघालं की फिशमील महागल्यामुळे सगळीकडेच 'पेंड वाढवली आहे'. पेंड वाढवण्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. आधी कळलं असतं तर मी जुन्या खाद्यात नवं थोडं थोडं मिसळत गेले असते, निम्म्या तळ्यांवर करून पाहिलं असतं, विक्रीचा हिशेब त्याप्रमाणे धरला असता. ती संधीच मला दिली गेली नाही.

असे बदल साधे नसतात, याचे दाखले याच व्यवसायात आहेत. १९९० च्या दशकात सालमनच्या खाद्यातून सस्तन प्राण्यांच्या रक्ताची भुकटी काढली गेली. त्यानंतर नॉर्वेत सालमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्याचं दिसलं. पुढच्या संशोधनात कारण सापडलं: त्या भुकटीतून हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर मिळत होतं, ते कमी पडलं होतं. क्रूड प्रोटीनच्या आकड्यात या उणिवेचा मागमूसही दिसत नाही. त्याच दशकात हेही स्पष्ट झालं की साधी सोयाबीन पेंड जास्त झाली की सालमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यामागे सोयातली सॅपोनिनं नावाची द्रव्यं आहेत. ती उष्णतेने नष्ट होत नाहीत. अल्कोहोलने धुऊन काढावी लागतात. लाल सी-ब्रीम आणि यलोटेल या माशांना वनस्पतीवरच ठेवलं आणि टॉरिन हे पोषकद्रव्य वेगळं दिलं नाही, तर त्यांचं यकृत हिरवं पडतं, कारण वनस्पतींत टॉरिन जवळजवळ नसतंच. हे सगळं ज्ञान माशांनी आजार सोसून आपल्याला दिलेलं आहे. ते तुमच्या प्रयोगशाळेत पोचलं, तसं तळ्याच्या काठापर्यंत पोचायला नको का?

आणि नीट केलं तर जमतं, हेही तितकंच खरं. नॉर्वेतल्या सालमनच्या खाद्यात १९९० साली सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून येत. २०१३ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास उतरलं. सालमन हा मांसाहारी मासा, त्याला जमलं. अमेरिकेत इंद्रधनुषी ट्राउटची, फिशमील नसलेल्या खाद्यावर चांगली वाढणारी वाणं निवड पद्धतीने तयार झाली आहेत. म्हणून 'वनस्पतीवर मासा वाढत नाही' हे वाक्य मला ऐकायचं नाही, आणि 'पेंड घातली की झालं' हेही नाही.

तिसरी तक्रार. जिथे फिशमील लागत नाही तिथे ते अजून घातलं जातं, आणि जिथे खरंच लागतं तिथे कात्री लागते. कार्प आणि तिलापिया हे मासे मुळात मिश्राहारी आहेत. तळ्यातलं शेवाळ, प्लवक, सडका पाला खाऊन वाढणारी ही जात. त्यांच्या वाढीच्या काळातल्या खाद्यात अख्ख्या माशांचं फिशमील नसलं तरी चालतं, फक्त अमिनो आम्लं, फॉस्फरस आणि चव यांचा मेळ नीट बसवायला हवा. तुम्ही म्हणता, प्रमाण थोडंच असतं. टक्के थोडे असतील, पण जगात सर्वाधिक पाळले जाणारे मासे हेच आहेत, म्हणून टनांत बेरीज मोठी होते. दुसरं कारण तुमचे विक्रेते सांगतात: शेतकरी गोणी उघडून वास घेतो, माशाचा वास आला नाही तर माल परत करतो. खरं आहे, घेतो वास. पण वासाखेरीज पारखायला तुम्ही त्याच्या हातात दुसरं काय दिलं आहे? आकडा काहीच सांगत नाही, म्हणून बिचारा नाकावर विसंबतो. उलट बाजूला मत्स्यजिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, आणि प्रजननाचे मासे यांचं खाद्य. पिल्लांच्या वयात पचनसंस्था अजून घडत असते, तिथे पटकन पचणारं सागरी प्रथिन थोडं जरी असलं तरी त्याचा मोठा फरक पडतो. जिताड्यासारख्या शिकारी माशाचंही तसंच. जे थोडं फिशमील आहे ते इथे जपून वापरायचं सोडून सगळ्या खाद्यांत चिमूट चिमूट वाटून टाकणं मला पटत नाही.

चौथी गोष्ट फॉस्फरसची. धान्यांत आणि तेलबियांत असलेल्या फॉस्फरसचा मोठा हिस्सा, साधारण दोन तृतीयांश, फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. माशाच्या पोटात तो सोडवणारं विकर नसतं. त्यामुळे तो पचल्याशिवाय विष्ठेतून पाण्यात उतरतो, शेवाळ माजतं, पहाटे ऑक्सिजन खाली जातो आणि एअरेटर जास्त वेळ चालवावा लागतो. वाटेत जस्तासारखी खनिजंही ते फायटेट अडवून ठेवतं. फायटेज, म्हणजे हा फॉस्फरस सोडवणारं विकर, घातलं की यातलं बरंच टळतं. ते घातलं आहे की नाही, एवढं सांगायलाही गोणीवर जागा नाही. मी सोडलेल्या पाण्याबद्दल प्रश्न मला विचारले जातात, तुम्हाला नाही.

बुरशीबद्दल थोडक्यात. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचरींत ट्राउटना यकृताच्या कर्करोगाची साथ आली, ती खाद्यातल्या सरकी पेंडीवरच्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे. वनस्पतीजन्य माल वाढवायचा तर अफ्लाटॉक्सिनची तपासणीही त्याच प्रमाणात वाढायला हवी. प्रत्येक लॉटची.

यापुढचं मुख्यतः प्रमाणन संस्थांसाठी. समुद्रावरचा भार काढून जंगलावर टाकला, तर त्याला शाश्वत कसं म्हणायचं? सोयाबीन कुठल्या जमिनीवर पिकलं, ती जमीन केव्हा साफ केली, हे विचारता येतं आणि विचारलं की फरक पडतो. युरोपातल्या सालमन उद्योगाने दबाव आणल्यावर त्यांना सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट पुरवणाऱ्या ब्राझीलमधल्या कंपन्यांनी २०२१ मध्ये आपली पूर्ण पुरवठा साखळी जंगलतोडमुक्त ठेवण्याची हमी दिली. मोठ्या, निर्यातीच्या माशासाठी हे होतं. लहान शेतकऱ्याच्या तळ्यातल्या माशासाठी का होऊ नये? शिवाय सोया म्हणजे सुटकेचा राजमार्ग, असंही समजू नका. १९७३ मध्ये अँकोव्हेटा कोसळली तेव्हा पशुखाद्याची मागणी सोयाबीनकडे वळली, भाव भडकले, आणि अमेरिकेने त्या जूनमध्ये सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली. एका पिकावर सगळा भार टाकण्यातला धोका तेव्हाच दिसला होता. वाटाणा, ल्युपिन, सूर्यफूल, मद्यार्क उद्योगातला चोथा, यीस्ट, कीटकांच्या अळ्यांची भुकटी, आणि मासे कापल्यावर उरणारी डोकी व काटे, असे पर्याय हाताशी आहेत. आज जगातल्या फिशमीलपैकी साधारण एक तृतीयांश माल अशा उरलेल्या भागांतूनच तयार होतो. तो मला खुशाल द्या. माझा आक्षेप अख्खा, खाण्याजोगा मासा दळण्याला आहे.

फिशमीलबद्दल बोलताना माशाच्या तेलाबद्दल सगळे गप्प बसतात. नेहमीच्या वनस्पती तेलांत ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं नसतात. स्कॉटलंडमधल्या पाळीव सालमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात त्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, असं स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. समुद्रात ही मेदाम्लं तयार करतात ती सूक्ष्म शेवाळं. मासे फक्त ती साठवतात. त्या शेवाळांपासून थेट तेल काढणारे कारखाने आता चालू आहेत. महाग आहे म्हणून ते वापरायचं नाही, हा निर्णय तुम्ही घेऊ शकता. पण मग मासा घेणाऱ्या माणसाला मी ओमेगा-३ बद्दल काय सांगायचं, तेही तुम्हीच ठरवून ठेवता, आणि मला कळवत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापा. 'सागरी प्रथिने' आणि 'वनस्पतीजन्य प्रथिने' असे ढोबळ शब्द नकोत. सोयाबीन पेंड, सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, सरकी पेंड, फिशमील, मासळी तेल अशी नावं हवीत. फिशमील असेल तर मासा कोणता, कुठल्या समुद्रातला, अख्खा की कापल्यावर उरलेला भाग, हे लिहा. सूत्रातले नेमके टक्के नका देऊ, मर्यादा द्या. तुमचं गुपित तेवढ्याने फुटत नाही.

क्रूड प्रोटीनच्या जोडीला पचण्याजोगं लायसिन आणि मेथिओनिन, उपलब्ध फॉस्फरस, आणि ईपीए व डीएचए मिळून किती, हे चार आकडे द्या. फायटेज आणि टॉरिन घातलं असेल तर तसं नमूद करा.

मुख्य प्रथिनाचा स्रोत बदलणार असाल तर माल पाठवण्याआधी कळवा, लॉट क्रमांकासह. नव्या मिश्रणाची चाचणी कोणत्या माशावर, कोणत्या वयात, किती दिवस केली आणि वजनवाढ व एफसीआर (एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं) किती आला, ते मागेल त्याला द्या. न कळवता केलेल्या बदलामुळे वाढ खुंटल्याचं तपासणीत दिसलं, तर नुकसानीतला वाटा कंपनीने उचलला पाहिजे. आज तो शंभर टक्के शेतकरी उचलतो.

कार्प आणि तिलापियाच्या वाढीच्या खाद्यातून अख्ख्या माशांचं फिशमील टप्प्याटप्प्याने बंद करा आणि त्याची तारीख जाहीर करा. मत्स्यजिरे, प्रजननाचे मासे आणि शिकारी जाती यांच्यासाठी ते ठेवा, जोवर तोडीचा पर्याय सिद्ध होत नाही.

प्रमाणन संस्थांनी शिक्का देताना समुद्रातला माल आणि शेतातला माल यांना एकच कसोटी लावावी, आणि तपासणीचे अहवाल आमच्या भाषांत, कुणालाही वाचता येतील असे खुले ठेवावेत. गिरणीतल्या एका खाद्याला मिळालेला शिक्का त्याच गिरणीच्या दुसऱ्या खाद्याच्या जाहिरातीत वापरू देऊ नये.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नवं यंत्र लागत नाही, नवं संशोधनही लागत नाही. ही माहिती तुमच्या संगणकात आजही आहे, कारण तिच्याशिवाय मिश्रण निघतच नाही. त्या दोन्ही पुढच्या बीज सोडण्याच्या हंगामाआधी पूर्ण करा. बाकीच्या मागण्यांपैकी कोणती कधी मान्य करता, कोणती करत नाही आणि का, याचं लेखी उत्तर सर्व शेतकऱ्यांना मिळेल असं जाहीर करा.

आपली,
एक मत्स्यशेतकरी